आधी वाचा, नाव मग सांगते

ताईच्या पार्लरमध्ये केस रंगवायला बसलेल्या प्रत्येकीला दोन गोष्टी बजावल्या जातात. पहिली, रंग चढायला पाऊण तास लागतो, तोवर डोकं खाजवायचं नाही. दुसरी, हातात दिलेलं पुस्तक कोणी लिहिलंय ते विचारायचं नाही. पहिली गोष्ट बायका निमूट ऐकतात. दुसरीवर मात्र नवी बाई हमखास अडते. नाव न कळता वाचायचं कसं, असं तिला वाटतं. ताई तिच्या मानेभोवती काळं प्लास्टिक गुंडाळत म्हणते, "आधी वाचा, नाव मग सांगते."

ताईचं हे पार्लर म्हणजे घराखालची गाडी ठेवायची खोली. नवऱ्याकडे गाडी कधी आलीच नाही. फ्रिज दुरुस्त करणारा माणूस, त्याची हत्यारं एका पिशवीत मावत. म्हणून बावीस वर्षांपूर्वी त्या खोलीत दोन खुर्च्या, एक बेसिन आणि भिंतीलगत एक बाक आला. समोरच्या आरशाखाली लांबलचक फळी आहे. इतर पार्लरमध्ये तिथे बाटल्या आणि नट्यांचे फोटो असतात. ताईकडे पुस्तकं आहेत, दीडशेच्या वर, आणि सगळीच्या सगळी काळ्या कव्हरात. लांबून बघणाऱ्याला वाटावं की कुणी तरी वकील राहतो इथे.

ती कव्हरं सासूबाईंची. गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती गुंडाळायचं काळं प्लास्टिक आधी गळ्याशी फाटतं, बाकीचं धडधाकट राहतं. टाकवत नाही म्हणून सासूबाईंनी ते कापून पुस्तकांना शिवायला घेतलं. रंगाचा थेंब पडला की ओल्या फडक्याने पुसला, काम झालं. ताईने त्यात एक भर घातली. पुस्तकाची पहिली दोन पानं कव्हराच्या घडीत घालून वरून टीप मारायची, म्हणजे ब्लेड लावल्याशिवाय नाव दिसत नाही. कोणतं पुस्तक कोणतं, हे ओळखायला पाठीवर रंगीत दोऱ्याचा टाका. लाल म्हणजे काय, पिवळा म्हणजे काय, दोन लाल आणि एक पांढरा म्हणजे काय, हे दोघींनाच ठाऊक. सासू-सुनेचं इतकं सख्य दुसऱ्या कशावरही झालेलं नाही. स्वयंपाकघरात अजून मिठाच्या बरणीच्या जागेवरून खटके उडतात.

ताई काही वाचनाच्या घरात वाढली नव्हती. दहावी कशीबशी सुटली आणि हातात कात्री आली. पार्लर काढलं तेव्हा बाकावर जुनी सिनेमाची मासिकं असायची, रंगाने पानाला पान चिकटलेली. मग एकदा सरकारी दवाखान्यातली सिस्टर एक जाड पुस्तक विसरून गेली. ती परत येईपर्यंत बघू तरी काय आहे, म्हणून ताईने पहिलं पान उघडलं. कुठल्याशा लांबच्या बेटावरच्या दोन म्हाताऱ्या मैत्रिणींची गोष्ट होती. ताई अडखळत, ओळीखाली बोट ठेवत वाचत गेली. पोस्टातल्या बाई डोक्याला रंग लावून मागे बसल्या होत्या, हे तिला त्या शिंकल्या तेव्हा आठवलं. त्यांचे केस ठरल्यापेक्षा तीन छटा गडद झाले. महिनाभर त्या पोस्टात डोक्याला रुमाल बांधून बसल्या. ताईने दुसऱ्याच दिवशी कोंबडीच्या आकाराचं गजराचं घड्याळ आणलं. पाऊण तासाने ते असं काही ओरडतं की रस्त्यावरचा माणूस दचकून वर बघतो.

सिस्टरने पुस्तक परत नेलंच नाही. उलट आणखी चार आणून दिली. मग रद्दीवाल्याकडे ताईची ये-जा सुरू झाली. तो जाड पुस्तकं तिच्यासाठी बाजूला ठेवू लागला, आणि दोन-तीन वर्षांत फळी भरली. ताईला त्या फळीचा अभिमान वाटायचा. तो उतरवला कंडक्टरबाईने. ही बाई शहराच्या बसवर तिकिटं फाडते, आणि तिची जीभही तिकिटाच्या यंत्रासारखी, काही विचारलं की लगेच कागद बाहेर. तेव्हा काळी कव्हरं अजून आली नव्हती. एकदा रंग लावून बसली असताना तिने फळीवरची दहा पुस्तकं उलटी केली आणि मागचे फोटो एका ओळीत मांडले.

"ताई, हे सगळे भाऊ भाऊ आहेत का गं?" तिने विचारलं.

ताईने पाहिलं. दहाही जण चष्मेवाले, दहाही जणांच्या मागे पुस्तकांचं कपाट, आणि दहाही जणांचा हात गालावर. जणू सगळ्यांची एकच दाढ दुखतेय.

त्या दिवसापासून ताई रद्दीवाल्याकडे हात गालावर नसलेले लेखक शोधू लागली. सुरुवातीला मिळेनात. मग मिळू लागले. मासे विकणारीने लिहिलेलं, तुरुंगात अठरा वर्षं काढलेल्याने लिहिलेलं, ऐकू न येणाऱ्या मुलीच्या कविता. पुरुषाच्या देहात जन्मून बाई म्हणून जगलेल्या एकीची आत्मकथा. नकाशात बोट ठेवायलाही जागा नाही इतक्या छोट्या देशांतली, भाषांतर होऊन आलेली. भाषांतर करणाऱ्याचं नाव ताई वेगळं लिहून ठेवते, कारण तिच्या मते अर्धं जेवण त्यानेच शिजवलेलं असतं. पण फळीवर नुसतं ठेवून भागेना. बायका नाव बघत, तोंड वाकडं करत आणि पुस्तक परत ठेवत. तुरुंगातल्या माणसाचं पुस्तक तर एकीने तापलेल्या तव्यासारखं टाकलं. म्हणून मग ती टीप, ते दोरे, आणि नाव न सांगण्याचा नियम. काळ्या कव्हरातून तेच पुस्तक त्याच बाईने नेलं, रडून रडून वाचलं, आणि परत देताना नाव कळल्यावर विचारलं, "ह्याचं दुसरं आहे का?"

दुसरं असलं तरी ताई ते लगेच देत नाही. तिची पद्धत ठरलेली आहे. मागच्या खेपेला जिथे गेलात, त्याच्या उलट्या दिशेला पुढच्या खेपेला. शहरातला झाला की डोंगरातली, राजवाड्यातली झाली की गोठ्यातला, रडवलं की हसवायचं. केसांनासुद्धा सारखा एकच शाम्पू मानवत नाही, असं ती सांगते, आणि बायकांना ते पटतं, कारण केसांच्या बाबतीत ताईचा शब्द शेवटचा.

ह्या सगळ्या बायकांत एकच अशी होती जिने तिच्या हातून कधी पुस्तक घेतलं नव्हतं. त्या म्हणजे बाई.

बाई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त होऊन बारा वर्षं झालेली. त्यांची जुनी पार्लरवाली गाव सोडून गेली, म्हणून गेली दोन वर्षं दर तीन आठवड्यांनी त्या इथे येतात. फिकट तपकिरी रंग, कान झाकले जातील असा काप, आणि पर्समध्ये स्वतःचं पुस्तक. बाई सहा लेखकांना वाचतात. सातवा नाही. सहाही कधीच वारलेले, म्हणजे नवीन काही लिहून बाईंची पंचाईत करण्याची शक्यता नाही. ताईने पहिल्यांदा पुस्तक पुढे केलं तेव्हा त्यांनी काळं कव्हर दोन बोटांनी उचललं, लेखक कोण असं विचारलं, उत्तर मिळालं नाही तेव्हा परत ठेवलं आणि म्हणाल्या, "ह्या वयात अनोळखी माणसांना घरात घेत नाही मी."

ह्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं. पण ताई त्यांच्याच शाळेतली. नववी ब, खिडकीजवळचा बाक. एकदा बाईंनी तिला उभं करून धडा वाचायला लावला होता. चौथ्या ओळीत एक जोडाक्षर आलं, तिथे ताई अडकली, मागे गेली, पुन्हा अडकली. वर्ग हसला. बाई रागावल्या नाहीत, नुसतं घड्याळ बघून म्हणाल्या, "बस खाली. वर्गाचा वेळ जातो." नंतर वर्षभर ताईची पाळी आली की पुढचीला उठवलं जाई. बाईंना ह्यातलं काही आठवत असणं शक्य नव्हतं. हजारो मुली त्यांच्या हाताखालून गेल्या. ताईला मात्र गेली दोन वर्षं एकच ध्यास होता. बाईंनी आपल्या फळीवरचं एक पुस्तक न्यावं, परत आणून द्यावं, आणि आणखी एक मागावं. बस, एवढंच. ती त्यांना काही सुनावणार नव्हती. सासूबाई म्हणायच्या, सुनावलंस तरी चालेल गं, मी दार लावून घेते.

बाईंसाठीचं पुस्तक आठ महिन्यांपासून तयार होतं. निळ्या दोऱ्याचं. जुन्या राजघराण्यावरची भारदस्त कादंबरी, भाषा अशी की वाचताना पाठ आपोआप ताठ व्हावी. लिहिणारी बाई होती, परदेशातली होती, पण बाईंना ते नंतर कळलं असतं. ताईने ठरवलं होतं, ओळख ह्याच पुस्तकाने करून द्यायची.

आणि एक दिवस बाई पुस्तकाशिवाय आल्या. दातांच्या डॉक्टरकडून तडक आल्या होत्या, आणि त्यांचं पुस्तक तिथल्या बाकावर राहिलं होतं. ताईने रंग लावला, चष्म्याच्या काड्यांना रंग लागू नये म्हणून त्यांवर प्लास्टिक गुंडाळून चष्मा परत दिला, आणि कोंबडीला चावी दिली. बाईंनी भिंत वाचली. शाम्पूची बाटली पुढून वाचली, मग मागून वाचली. दहाव्या मिनिटाला त्या खाकरल्या.

"द्या तुमचं एखादं काय असेल ते."

ताईचे दोन्ही हात कंडक्टरबाईच्या केसांत होते, एका हातात कात्री, दुसऱ्यात केसांची बट. ती शक्य तितक्या सहजपणे म्हणाली, "आई, बाईंना ते निळ्या दोऱ्याचं द्या."

सासूबाई टॉवेलांच्या घड्या टाकून लगबगीने उठल्या, फळीपाशी गेल्या, पुस्तक काढलं आणि बाईंच्या हातात दिलं. ताईने सुटकेचा श्वास सोडला. मग तिची नजर आरशात गेली. पुस्तकाच्या पाठीवरचा टाका हिरवा होता.

हिरव्या दोऱ्याचं पुस्तक म्हणजे दवाखान्याच्या धुलाईखान्यात चादरी धुणाऱ्या एका बाईची आत्मकथा. साधीसुधी, टोकदार. आणि त्यात तिसाव्या पानावर एक शाळा होती, एक वर्ग होता, उभी केलेली एक मुलगी होती, आणि घड्याळाकडे बघणारी एक शिक्षिका होती. ताईने ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा ती बेसिनपाशी जाऊन तोंड धुऊन आली होती. आता ते पान वाचून बाईंना सगळं आठवणार, आणि वाटणार की हे मुद्दाम केलं. दोन वर्षं दबा धरून बसली आणि संधी मिळताच टोमणा मारला. त्या पुस्तक मिटतील, केस धुतील, आणि परत पाऊल ठेवणार नाहीत.

पण बाईंनी वाचायला सुरुवात केली होती, आणि हातातून पुस्तक काढून घेणं म्हणजे सगळं कबूल करणंच होतं. ताई कंडक्टरबाईचे केस कापत राहिली. आरशात तिला बाईंचं पान उलटणारं बोट दिसत होतं. ती पानं मोजत होती. आठ. चौदा. बाई भरभर वाचत. बावीस.

"ताई, तू डावीकडून किती घेणार आहेस?" कंडक्टरबाईने विचारलं. "कान मला लागतात अजून, चिल्लर ऐकायला."

ताईने कात्री खाली ठेवली. पान उलटणारं बोट थांबलं होतं. बाई तिसाव्या पानावर होत्या. त्यांनी ते वाचलं, आणि पुढे जाण्याऐवजी वरून पुन्हा वाचलं. खोलीत कोंबडीची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. मग कोंबडी जी ओरडली ती सगळ्यांना दचकवून. ताई लगबगीने पुढे झाली. "चला बाई, धुऊन घेऊ."

"थांबा जरा," बाई मान वर न करता म्हणाल्या.

दहा मिनिटांनी ताईने पुन्हा विचारलं. बाईंनी नुसता हात वर केला, वर्गातल्या मुलींना गप्प करायला करायच्या तसा. त्या हातापुढे ताई आजही नववीतलीच होती. ती मागे सरली. केसांवरचा रंग गडद होत चालला होता. तपकिरीचा चॉकलेटी झाला, चॉकलेटीचा आणखी काही झाला. कंडक्टरबाई आपले केस कापून झाले तरी जायला तयार नव्हती. असा खेळ फुकट कुठे बघायला मिळतो, हे तिने सासूबाईंच्या कानात सांगितलं, पण तिची कुजबुज बसच्या शेवटच्या सीटपर्यंत पोचणारी.

सव्वा तासाने बाई उठल्या. केस धुतले, वाळवले, आणि आरशात एक सत्तरीच्या बाई कोळशासारखे काळेभोर केस घेऊन उभ्या राहिल्या. बाईंनी डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं.

"ठीक आहे," एवढंच म्हणाल्या. मग पुस्तक काखेत मारलं आणि निघून गेल्या. रागावल्या की काय, ते त्या पाठमोऱ्या काळ्याभोर डोक्यावरून कळणं शक्य नव्हतं.

सासूबाईंनी आपली बाजू लगेच मांडली. ह्या ट्यूबलाइटखाली निळा आणि हिरवा सारखाच दिसतो, आणि ज्याला फरक दिसत असेल त्याने यावं आणि सुईत दोरा ओवून दाखवावा. त्या रात्री जेवताना नवऱ्याने मिठाची बरणी चुकीच्या जागी ठेवली, आणि दोघीही त्याला काही बोलल्या नाहीत, तेव्हा तो घाबरला.

पुढच्या आठवड्यात कंडक्टरबाई बातमी घेऊन आली. बाई तिच्या बसमध्ये होत्या, खिडकीशी, काळं पुस्तक उघडून. त्यांचा थांबा आला आणि गेला. तिने हाक मारली तर म्हणाल्या, शेवटच्या थांब्याचं तिकीट द्या, आणि तिथून परतीचंही. "पंधरा वर्षांत पहिल्यांदा," कंडक्टरबाई म्हणाली, "माझ्या बसमध्ये कुणी कुठेही न जाण्यासाठी बसलं होतं." ताईला हे ऐकून गुदगुल्या झाल्या, पण धाकधूक काही गेली नाही. पुस्तक आवडणं वेगळं, आणि पुस्तकाने दुखावणं वेगळं. दुखावणारं पुस्तकही माणूस शेवटपर्यंत वाचतो.

तीन आठवडे झाले. ताईने मनाशी धरलं होतं की बाई येणार नाहीत. त्या आल्या, ठरल्या वेळी, ठरल्या खुर्चीत. काळ्या केसांच्या मुळाशी पांढरी रेघ आली होती. पर्समधून त्यांनी काळं पुस्तक काढून मांडीवर ठेवलं.

"आता नाव सांगा. पण आधी मी ओळखते," त्या म्हणाल्या, आणि एकेक गोष्ट बोटांवर मोजू लागल्या. लिहिणारा पुरुष आहे. साठीच्या पुढचा. भाषा मुरलेली आहे, एक शब्द इकडचा तिकडे करता येत नाही. बहुधा कॉलेजात शिकवत असावा. धुणाऱ्या बाईच्या तोंडून बोलायची युक्ती केली आहे, आणि ती इतकी साधली आहे की दोन ठिकाणी आपण फसलो.

ताईने ब्लेड घेतलं आणि टीप उसवली. घडीतून पान बाहेर आलं. नाव एका बाईचं होतं. खाली फोटो होता. उन्हामुळे बारीक केलेले डोळे, आणि दोन्ही हात ओल्या चादरीत, पीळ देताना.

"हिचीच गोष्ट आहे, बाई. एकोणचाळिसाव्या वर्षी अक्षरं शिकली. धुलाईखान्यातल्या पाट्या वाचून."

बाईंनी फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला. सासूबाई टॉवेलांच्या घड्या घालायच्या थांबल्या.

"तिसाव्या पानावरची ती शिक्षिका," बाई शेवटी म्हणाल्या, "तिला हिने नाव दिलेलं नाही."

"नाही."

"बरं केलं." त्यांनी आरशातून ताईकडे पाहिलं, आणि बराच वेळ पाहत राहिल्या. "तू माझ्याकडे होतीस का गं?"

दोन वर्षं त्या तिला तुम्ही म्हणत होत्या. ताईच्या हातातला ब्रश रंगाच्या वाटीत तसाच राहिला.

"नववी ब. खिडकीजवळ."

"मी तुला वाचायला उठवलं होतं?"

"एकदा," ताई म्हणाली.

बाईंनी पुढे विचारलं नाही. एकदाच का, हे त्यांना विचारावं लागलं नाही. त्यांनी पुस्तक मिटून फळीवर ठेवलं, नीट, पाठीवरचा हिरवा टाका बाहेर येईल असं. मग म्हणाल्या, "आता दुसरं दे. हात गालावर नसलेलं. मला त्या कंडक्टरीणबाईंनी सांगितलंय सगळं."

ताईला हसू आवरेना. तिने रंग लावला, मुळांपासून टोकांपर्यंत, फिकट तपकिरी, ह्या खेपेला काळजीपूर्वक. सासूबाईंनी कोंबडीला चावी दिली. ताईने पद्धतीप्रमाणे उलटी दिशा धरली. धुलाईखान्याच्या वाफेतून निघाल्या की बर्फात जायचं. पिवळा टाका, रेनडिअर राखणाऱ्या एका म्हाताऱ्याचं, हसवणारं. तिने ते पुढे केलं. बाईंनी घेतलं नाही.

"चष्मा घरी राहिला माझा. तूच वाच. पाऊण तास आहे माझ्याकडे."

उघड्या पर्समधून चष्म्याचं घर अर्धं बाहेर आलेलं ताईला स्पष्ट दिसत होतं. तिने ते पाहिलं नाही असं केलं. हात पुसून ती बाकावर बसली, पहिलं पान उघडलं आणि वाचायला लागली. तिसऱ्या ओळीत म्हाताऱ्याच्या गावाचं नाव आलं, जोडाक्षरांवर जोडाक्षरं चढलेली. ताई अडकली, मागे गेली, पुन्हा अडकली. तिने हळूच वर पाहिलं. बाई डोळे मिटून बसल्या होत्या, घाई नसलेल्या माणसासारख्या.

"असलं नाव मलाही नसतं आलं," त्या म्हणाल्या. "पुढे."

ताई पुढे गेली. म्हाताऱ्याचं पहिलं रेनडिअर त्याच्याच टोपीवर बसलं तेव्हा बाई हसल्या, रंग लावलेलं डोकं हलू नये म्हणून मान धरून हसल्या. कोंबडी ओरडायला अजून पाच मिनिटं होती. सासूबाईंनी टॉवेल बाजूला ठेवला, उठल्या, कोंबडीची चावी उलटी फिरवून तिचं तोंड बंद केलं, आणि बाकावर ताईला खेटून बसत म्हणाल्या, "जरा मोठ्याने वाच गं. मला ऐकू येत नाही, आणि केस काय, पुन्हा काळे झाले तर मी सांगेन मीच केले."